कॅमेरा जोडला, पण फोटो येईनात : लिनक्समधल्या परवानग्यांचा एक धडा



शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू आहे. कुणा माजी विद्यार्थ्याने दिलेला छोटा डिजिटल कॅमेरा आहे. मुलांनी प्रकल्पासाठी फोटो काढून आणलेत. वायर जोडली, तुमच्या खात्यात फोटो दिसतात. मुलांच्या खात्यात मात्र 'परवानगी नाही' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो. मागे पाच-सहा पोरं माना उंचावून उभी आहेत आणि तास संपायला पंधरा मिनिटं उरली आहेत. अशा वेळी आपण काय करतो? जे चालेल ते करतो. मीही तेच केलं होतं, आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागली. म्हणून आधी तेवढं सांगतो.

सातवीच्या एका गटाने वालाच्या बिया कापसावर रुजत घातल्या होत्या. रोज सकाळी एकाच जागेवरून एक फोटो, असे चौदा दिवस. शेवटी फोटो संगणकावर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या खात्यातून कॅमेरा उघडेना. मी टर्मिनल उघडलं, आज्ञेच्या आधी 'सुडो' लावलं, माझा पासवर्ड टाकला आणि फोटो उतरवून घेतले. फोल्डरही सुडोनेच बनवलं. काम झालं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली, "सर, फोटो दिसतात, पण नाव बदलता येत नाही, फिरवून सेव्ह होत नाही." साहजिकच होतं. सुडोने केलेली गोष्ट संगणकाच्या लेखी 'रूट' या सर्वाधिकारी खात्याची असते. मुलं तिथे फक्त पाहुणी. मग मी वैतागून त्या फोल्डरला ७७७ देऊन टाकलं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. आठवड्याने दुसऱ्या वर्गातल्या कुणीतरी डिस्कवर जागा करायला ते फोल्डर रिकामं केलं. कॅमेऱ्यातलं कार्ड आम्ही आधीच पुसलं होतं. चौदा दिवस गेले. ज्याने पुसलं त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, दार मीच उघडं टाकलं होतं.

तर 'परवानगी नाही' या निरोपाला दोन उत्तरं असतात. एक, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. दुसरं, ज्याला हवी त्याला, हवी तेवढी द्या. दुसऱ्याला पहिल्या वेळी दहा मिनिटं जास्त लागतात. हा धडा त्या दहा मिनिटांचा आहे.

(एक सूचना : पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. वेगळं सांगितलं नसेल तर अक्षरं लहान लिपीतली.)

हे कुलूप मुळात आहे कशाला?

लिनक्स १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलं, पण त्याची घडण युनिक्सची, म्हणजे १९६९च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या प्रणालीची. त्या काळी एक यंत्र आणि त्यावर काम करणारी माणसं अनेक, असा मामला होता. त्यामुळे प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि 'बाकीचे' अशी तीन नाती चिकटवलेली. आपल्या शाळेतली परिस्थिती आजही तशीच नाही का? आठ संगणक आणि दीडशे मुलं. घरी प्रत्येकाचा वेगळा मोबाइल असणाऱ्यांना हे कुलूप जाच वाटेल, पण शाळेसाठी ते अगदी मापाचं आहे.

तीन नाती, आणि प्रत्येक नात्याला तीन हक्क : वाचणे, लिहिणे, चालवणे. त्यांचे आकडे अनुक्रमे ४, २ आणि १. हे आकडे वर्गात जरूर वापरा. ४, २, १ यांतून ० ते ७ पर्यंतची प्रत्येक संख्या एकाच प्रकारे बनते, म्हणून ६ म्हटलं की ४ आणि २ हेच, दुसरं काही असूच शकत नाही. द्विमान पद्धती शिकवायला याहून जिवंत उदाहरण मला सापडलेलं नाही. ६४० म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला फक्त वाचणं, बाकीच्यांना काही नाही.

लिनक्समध्ये जोडलेलं उपकरणसुद्धा फाइलसारखंच दिसतं. कॅमेरा यूएसबीला लावला की 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत त्याच्या नावाची एक नोंद तयार होते, आणि तिलाही मालक, गट, हक्क असतात. कॅमेऱ्याचं कुलूप म्हणतात ते हे. ही नोंद वायर काढली की नाहीशी होते आणि पुन्हा लावली की नव्या क्रमांकाने नव्याने तयार होते. काही जण त्या नोंदीचेच हक्क ६६६ करून टाकतात. त्या दिवशी चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. पुसलेल्या पाटीवरचा हिशेब तो, टिकणार कसा?

आधी हे बघा की प्रश्न खरंच परवानगीचा आहे का

बऱ्याचदा तो नसतोच. टर्मिनलमध्ये एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरांची आज्ञा द्या, मध्ये जागा न सोडता. जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी येईल. यादीत कॅमेरा नसेल तर परवानगीचा विचारच करू नका. वायर बदला, कारण काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. कॅमेरा चालू आहे का पाहा. काही कॅमेरे फोटो बघायच्या मोडमध्ये ठेवल्याशिवाय संगणकाशी बोलत नाहीत.

यादीत कॅमेरा असेल तर त्या ओळीतले बस आणि डिव्हाइस हे दोन आकडे वहीत लिहून घ्या. समजा ००१ आणि ००६. पुढे लागतील. त्याच ओळीत आयडीपुढे दोन सांकेतिक क्रमांक असतात, मध्ये अपूर्णविराम. पहिला उत्पादकाचा : ०४ए९ असेल तर कॅनन, ०४बी० म्हणजे निकॉन, ०५४सी म्हणजे सोनी. दुसरा मॉडेलचा. हे क्रमांक सोळा पायाच्या पद्धतीतले आहेत. नववी-दहावीच्या मुलांना विचारून बघा, अंकांमध्ये अक्षरं कुठून आली म्हणून.

आता कॅमेऱ्याची भाषा. काही कॅमेरे स्वतःला पेन ड्राइव्हसारखं सादर करतात. ते जोडले की सरळ फोल्डर उघडतं. बाकीचे पीटीपी नावाची भाषा बोलतात, म्हणजे फोटो पाठवण्याचा ठरलेला शिष्टाचार. लिनक्सवर ही भाषा समजणारा ग्रंथालय-प्रोग्राम म्हणजे लिबजीफोटो२, आणि टर्मिनलमधून त्याला काम सांगणारी आज्ञा जीफोटो२. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत दोन्हींपैकी एक निवडता येतं. तशी सोय असेल तर पेन ड्राइव्हवाला पर्याय निवडून बघा, अर्धी कटकट तिथेच संपते.

एक निरोप फार फसवा आहे : 'कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस', सोबत उणे ५३ हा आकडा. याचा साधा अर्थ, 'कॅमेरा मला ताब्यात घेता आला नाही.' कारण परवानगी असू शकतं, पण दुसराच कुणीतरी प्रोग्राम कॅमेरा धरून बसलाय हेही असू शकतं, आणि उबुंटूच्या डेस्कटॉपवर बहुतेक वेळा हे दुसरंच असतं. कॅमेरा जोडताच जीव्हीएफएस नावाची पडद्यामागची सेवा तो आपणहून उघडते, म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये तुम्हाला कॅमेऱ्याचं चित्र दिसावं. कॅमेरा एका वेळी एकालाच हात देतो. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावाशेजारचं 'बाहेर काढा'चं चिन्ह दाबा, वायर तशीच ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

ओळखायची खूण सोपी आहे. सुडो लावूनही हाच निरोप येत असेल तर प्रश्न परवानगीचा नाही, कारण रूटला सगळ्या परवानग्या असतातच. निदानापुरता सुडोचा एवढाच उपयोग मी मान्य करतो. फोटो उतरवायला नको.

शाळेत याचंच एक खास रूप भेटतं. शिक्षकांचं खातं उघडं असतं, कॅमेरा त्यात जोडलेला असतो, आणि मुलांसाठी आपण 'वापरकर्ता बदला' करून दुसरं खातं उघडतो. आपलं खातं बंद झालेलं नसतं, फक्त मागे गेलेलं असतं, आणि तिथल्या सेवेने कॅमेरा अजून धरलेला असतो. मुलांच्या खात्यात मग ताबा मिळत नाही. इलाज : आपल्या खात्यातून लॉगआउट करा, 'बदला' नको. कॅमेऱ्याचं कार्ड रीडरमध्ये घातलं तरी अशीच गंमत होते. कार्ड 'मीडिया'मध्ये ज्याच्या खात्यात उघडलं त्याच्याच नावाच्या फोल्डरखाली बसतं आणि दुसऱ्या खात्याला तिथे प्रवेश नसतो. कार्ड काढून मुलांच्या खात्यात पुन्हा घाला. आणि फोटो दिसतात पण पुसता येत नाहीत असं झालं, तर कार्डाच्या कडेची बारीक सरकपट्टी आधी बघा. ती 'लॉक'कडे सरकलेली असेल तर जगातली कुठलीही आज्ञा चालणार नाही.

आता खरी परवानगी

हे सगळं बघूनही दार बंद असेल, तर लिहून घेतलेले आकडे काढा. एल-एस, मग जागा, मग आडवी रेघ आणि एल, मग पुन्हा जागा आणि पत्ता : /डेव्ह/बस/यूएसबी/००१/००६. उत्तरात सुरुवातीला काहीसं असं दिसेल : सी, मग आर-डब्ल्यू-रेघ, आर-डब्ल्यू-रेघ, आर-रेघ-रेघ. पहिलं सी म्हणजे हे उपकरण आहे. पुढचे तीन मालकाचे, त्यापुढचे तीन गटाचे, शेवटचे तीन बाकीच्यांचे. पुढे मालक आणि गट यांची नावं, बहुधा दोन्ही 'रूट'.

इथे मुलं हमखास एक शंका काढतात आणि ती चांगली आहे. बाकीच्यांना वाचायचा हक्क आहे ना, मग फोटो वाचता का येत नाहीत? आपल्याला फोटो बदलायचे कुठे आहेत? उत्तर असं, की कॅमेरा न विचारता काही सांगत नाही. 'तुझ्याकडे किती फोटो आहेत?' हे विचारायलासुद्धा संगणकाला त्याच्याकडे संदेश धाडावा लागतो, आणि संदेश धाडणं म्हणजे लिहिणं. चिठ्ठी पाठवायचीच मनाई असेल तर उत्तर येणार कुठून? म्हणून कॅमेऱ्याच्या नोंदीवर नुसता आर पुरत नाही, आर आणि डब्ल्यू दोन्ही लागतात.

अलीकडच्या उबुंटूत ही सोय आपोआप होते. लिबजीफोटो२ ला ओळखीचा कॅमेरा जोडला की जो माणूस त्या क्षणी त्या संगणकासमोर, त्याच पडद्यावर, लॉगइन करून बसला आहे, त्याच्या नावाने जादा हक्क नोंदवला जातो. हक्कांच्या ओळीच्या शेवटी बारीक अधिकचं चिन्ह दिसलं तर हे झालंय असं समजा. नेमकं कुणाला दिलंय ते गेट-एफ-ए-सी-एल ही आज्ञा सांगते (सलग टाइप करायची, पुढे तोच पत्ता). मला ही व्यवस्था फार आवडते. दुसऱ्या खोलीतून नेटवर्कने त्याच संगणकात शिरलेल्याला कॅमेरा मिळत नाही. समोर बसलेल्याला मिळतो. ग्रंथालयात पुस्तक टेबलापाशी बसलेल्याच्या हातात देतात, फोनवर मागणाऱ्याच्या नाही, तसंच.

संगणक जुना असेल तर बहुधा गटाचा मामला असतो. तिथे कॅमेऱ्याची नोंद 'प्लगडेव्ह' नावाच्या गटाला दिलेली असते. उबुंटू बसवताना बनलेलं पहिलं खातं, म्हणजे तुमचं, त्या गटात आपोआप असतं. नंतर टर्मिनलमधून घाईघाईत बनवलेली मुलांची खाती नसतात. माझ्या वालाच्या फोटोंची सगळी गोष्ट एवढ्यातच होती! मुलांच्या खात्यात आय-डी ही दोन अक्षरी आज्ञा द्या, ते खातं कुठल्या गटांत आहे ते कळेल. प्लगडेव्ह नसेल तर तुमच्या खात्यातून : सुडो, ॲडयूजर, मुलांच्या खात्याचं नाव, प्लगडेव्ह. चार शब्द, मध्ये जागा. मग मुलांच्या खात्यातून लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला हवं. बरेच जण हे करत नाहीत आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणतात. गटाची हजेरी फक्त लॉगइनच्या वेळी घेतली जाते.

आणि कॅमेरा इतका जुना किंवा अनोळखी असेल की प्रणाली त्याला कॅमेरा म्हणून ओळखतच नाही, तर एक नियम लिहावा लागतो. उपकरण जोडताच त्याचे हक्क ठरवणाऱ्या यंत्रणेचं नाव यूडेव्ह, आणि आपले नियम ठेवायची जागा /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी. तिथे सुडोने एक छोटी मजकूर फाइल करायची; नावाच्या सुरुवातीला ७० सारखा आकडा आणि शेवटी टिंब-रूल्स हवंच. आत एकच ओळ. ती मराठीत वाचली तर अशी : 'सबसिस्टम यूएसबी असेल, उत्पादकाचा क्रमांक अमुक असेल, मॉडेलचा क्रमांक तमुक असेल, तर ग्रुप प्लगडेव्ह कर आणि मोड ०६६० कर.' या ओळीतले सबसिस्टम, ग्रुप, मोड हे शब्द मोठ्या लिपीत. उत्पादकासाठी ए-टी-टी-आर हेही मोठ्या लिपीत आणि महिरपी कंसात आयडी-व्हेंडर, मॉडेलसाठी तसंच आयडी-प्रॉडक्ट, दोन्ही सलग, त्यांतलं फक्त व्ही आणि पी मोठं. किमती दुहेरी अवतरणात, दोन भागांमध्ये स्वल्पविराम. 'असेल तर' यासाठी बरोबरचं चिन्ह दोनदा, 'कर' यासाठी एकदाच. हा फरक चुकला की नियम मुकाट्याने काहीतरी भलतंच करतो. बीजगणितात आपण एकच चिन्ह दोन्ही अर्थांनी वापरतो, विचारायलाही आणि ठरवायलाही. मुलांना इथे पहिल्यांदा कळतं की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फाइल साठवल्यावर सुडो, यूडेव्हएडीएम, कंट्रोल, आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा देऊन रीलोड-रूल्स. मग वायर काढून पुन्हा लावा. नोंद नव्याने होईल, क्रमांक कदाचित ००७ असेल, पण गटाच्या जागी आता प्लगडेव्ह दिसलं पाहिजे.

फोटो उतरले, आता ते राहणार कुठे?

पालकांनी हा भाग नीट वाचावा. फोटोंत झाडंच असतात असं नाही, मुलंही असतात. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपर्यंत प्रत्येकाच्या होम फोल्डरला ७५५ असे हक्क आपोआप मिळत, म्हणजे त्याच संगणकावरच्या दुसऱ्या खात्याला आत डोकावून फोटो बघता येत. त्या आवृत्तीपासून नव्या खात्यांना ७५० मिळतं आणि बाकीच्यांना दार बंद असतं. शाळेत किंवा घरी जुना संगणक असेल, किंवा जुनी खाती तशीच पुढे आणलेली असतील, तर एकदा तपासा. सीएचमॉड, ७५० आणि फोल्डरचा पत्ता, इतकंच करायचं असतं. वर्गातल्या ज्या मुलीच्या घरच्यांनी फोटोला नाही म्हटलंय, तिचा सहलीचा फोटो अख्ख्या शाळेच्या खात्यांना उघडा असू नये.

वर्गाच्या सामायिक फोल्डरला आम्ही आता ७७७ ऐवजी ३७७० देतो. फोल्डरचे मालक वर्गशिक्षक, गट त्या वर्गाचा. पुढच्या ३ मध्ये दोन गोष्टी आहेत : २ मुळे आत येणारी प्रत्येक नवी फाइल वर्गाच्या गटाची होते, आणि १ मुळे ज्याने फाइल ठेवली तोच, किंवा वर्गशिक्षक, ती पुसू शकतो. शेवटच्या शून्यामुळे दुसऱ्या वर्गाला आत येताच येत नाही. फोटो ठेवला की मुलं स्वतःच त्याला ६४० करतात, म्हणजे गटातल्या इतरांना तो बघता येतो, त्यावर रंगकाम करता येत नाही. मात्र हे सगळं चालायचं तर अख्ख्या वर्गाला एकच खातं असून भागत नाही. प्रकल्पाचे पाच गट असतील तर पाच खाती करा. वर्षाच्या सुरुवातीला अर्धा तास जातो.

पुसण्याबद्दल एक गोष्ट मोठ्यांनाही गोंधळात टाकते. फाइल पुसायचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावर असतो. म्हणून फोटोला नुसता 'फक्त वाचा' करून ठेवलं आणि फोल्डर ७७७ राहिलं, तरी फोटो जाऊ शकतो. वहीला कुलूप लावलं, पण कपाट उघडंच, तर वही उचलून नेता येतेच की.

संगणकाला चिकटलेल्या वेबकॅमचं प्रकरण थोडं निराळं आहे. त्याची नोंद बहुधा व्हिडिओ० नावाने होते आणि गट 'व्हिडिओ' असतो, बाकी तपासणी तीच. आणि तुमचा फोटोचा प्रोग्राम स्नॅप प्रकारचा असेल तर त्याच्याभोवती आणखी एक कुंपण असतं. कॅमेरा किंवा बाहेरचं कार्ड बघायची मुभा त्याला, त्या प्रोग्रामच्या परवानग्यांमध्ये जाऊन, वेगळी द्यावी लागते. वरचं सगळं बरोबर असूनही एकाच प्रोग्रामला कार्ड दिसत नसेल आणि फाइल मॅनेजरला दिसत असेल, तर तिकडे बघा.

या जूनमध्ये नव्या सातवीने पुन्हा वाल रुजत घातले. फोटो रोजच्या रोज उतरतात, आणि कार्ड पुसण्याआधी दोन मुलं यादी ताडून सही करतात. तिसऱ्या दिवशी एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही फोल्डरचे मालक, म्हणजे तुम्ही आमचे फोटो पुसू शकता?" मी हो म्हटलं. त्याने थोडा विचार केला आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी नेली.